फक्कीची वर्तुळे

हे मी ऑफिसात सांगितले आहे. घरी अजून सांगितलेले नाही.

बाभुळगावच्या पुढे नदीवर एक घाट आहे. तिथून रेती आणि गोटे काढायचे काम आधीपासून चालू होते. खालच्या पात्रातला साठा संपत आला, म्हणून वरच्या अंगाला, पात्राच्या मधोमध असलेल्या गोट्यांच्या उंचवट्यावर खोदायची परवानगी मागितली होती. तिथे कोणते पशुपक्षी राहतात आणि खोदल्यावर त्यांचे काय होईल, याचा अहवाल देणे माझे काम. तिथे पक्षी अंडी घालतात असे मी लिहिले, तर ती जागा वगळली जाणार होती.

मार्च संपता संपता मी गेलो. काळी टोपी घातल्यासारखे डोके आणि पिवळीधमक चोच असलेले नदी सुरय डोक्यावर ओरडत होते, म्हणजे घरटी असणारच. तासभर वाकून फिरलो तेव्हा दोन सापडली. उंचवट्याला लागून एका बाईची डांगरवाडी होती. उन्हाळ्यात पात्र उघडे पडले की रेतीत टरबुजांचे वेल लावतात, ती. तिने हाक मारली.

"काय हुडकून राह्यले भाऊ? काही पडलं काय?"

"पाखरं मोजतोय, मावशी."

"पाखरं मोजाची बी नोकरी असते? अन् आमाले कोण मोजते?"

हसत हसत तिने रिकामे टोपले डोक्यावर पालथे घातले. "टोचतेत लेकाचे," म्हणाली आणि पुढे निघाली. तिने आणखी तीन घरटी दाखवली. घरटी कसली, गोट्यांत खळगा आणि त्यात गोट्यांच्याच रंगाची अंडी. तिने काडीने दाखवल्याशिवाय मला ती दिसत नव्हती.

"हे लिवलं तं इथं मशीन नाही येनार ना?"

"लिहिलं तर नाही येणार."

"मंग लिवाच."

माझ्या थैलीत फक्की होती. कबड्डीच्या मैदानावर रेघा आखतात ती चुन्याची पूड. पुढच्या वेळी घरटी चटकन सापडावीत आणि कोणाचा पाय पडू नये, म्हणून मी पाचही घरट्यांभोवती मोठी वर्तुळे आखली. काम नीट झाले असे वाटले, आणि त्याचीच आज लाज वाटते. परतताना पोकलेनच्या सावलीत ऑपरेटर डबा खात बसला होता. मी चालत्या गाडीतून हात केला. थांबून सांगायला दोन मिनिटे लागली असती. पण कळंबला दुसरे काम होते आणि ऊन फार होते.

नऊ दिवसांनी गेलो तेव्हा अर्धा उंचवटा नव्हता. वर्तुळांच्या जागी खड्डे होते, एकात एक मिसळलेले. वर पाखरे घिरट्या घालत होती आणि कुठेच उतरत नव्हती. मी ऑपरेटरवर ओरडलो.

"साहेब, तुमीच तं फक्की मारून गेलते ना?"

"ती घरट्यांची खूण होती!"

"खून असते ना साहेब, खोदाची. पायवा असो का हीर असो, फक्की मारली तिथं आमी खोदतो. आमाले वाटलं, साहेब येऊन गेले, जागा पास झाली." मग त्याने डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला. "अंडे व्हते काय हो तिथं?"

डांगरवाडीतली बाई माझ्याकडे पाठ करून वेल सारखे करत होती. ती वळली नाही. मीही गेलो नाही.

अहवालात एक रकाना होता: सध्या प्रजनन आढळले का? मी 'नाही' टाइप केले. त्या दिवसापुरते ते खरेच होते. 'होते' लिहिले असते तर ते कुठे गेले हेही लिहावे लागले असते. दोन दिवस मी खुर्चीवरून उठत होतो, चहाच्या टपरीपर्यंत जात होतो आणि चहा न घेता परत येत होतो. तिसऱ्या दिवशी ते पान पुन्हा लिहिले आणि गाडी काढून घाटावर गेलो.

"लिवलं काय?" तिने टरबूज तोडता तोडता विचारले.

"आधी खोटं लिहिलं होतं, मावशी. आता हे ऐका." मी वाचू लागलो. उंचवट्यावर सुरयांची पाच घरटी होती. मी त्यांच्याभोवती फक्कीची वर्तुळे आखली आणि त्यांचा अर्थ घाटावर कोणालाही सांगितला नाही. यंत्रचालकाने ती खोदाईची खूण समजून खोदले. पंधरा अंडी नष्ट झाली.

"चौदा," ती म्हणाली. "काठाकडच्या घरट्यात दोनच व्हते. अन् त्या मशीनवाल्याचं नाव नका घालू, त्याचा काय गुन्हा?"

"नाही घातलं."

"तुमचं?"

"खाली सही आहे."

तिने मान हलवली आणि विळा पुन्हा हातात घेतला. मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून पंधरावर काट मारली आणि चौदा लिहिले. त्याच दिवशी अहवाल दिला. वरिष्ठांनी दोनदा वाचला. "खाडाखोड कशाला? नवी प्रिंट काढा," एवढेच म्हणाले. मी काढली नाही.

उरलेला अर्धा उंचवटा खोदाईतून वगळला गेला. मे महिन्यात मी दोनदा जाऊन आलो. थैली घरीच ठेवली होती. पाखरे वरून फिरत होती, त्या हंगामात तिथे एकही बसले नाही.