जळजळ थांबली तेव्हा

"काका, बाबा गेले," पल्लवी फोनवर एवढंच म्हणाली. मनोहर जाणार हे त्याच्या या मुलीला, मला, सगळ्यांनाच ठाऊक होतं. तरी फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ पायरीवर बसून राहिलो. त्याला आता दीडेक महिना होत आला.

मनोहर माझा शेजारी, शाळेपासूनचा मित्र. कळमन्याच्या बाजारात तो संत्र्यांचा हर्रास, म्हणजे लिलाव, बोलायचा. ढिगाभोवती व्यापाऱ्यांचा कितीही गलका असो, याचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू यायचा. पन्नाशीनंतर आम्हा दोघांनाही एकच दुखणं लागलं, ॲसिडिटीचं. एकच, असं आम्ही समजत होतो. संध्याकाळी फिरताना गप्पाही त्याच. जेवून वाकलो किंवा आडवा झालो की माझ्या छातीच्या हाडामागे पेटायचं. त्याचंही सुरुवातीला तसंच होतं. पुढे त्याच्या घशाशी आंबट पाणी येऊ लागलं, कोरडा खोकला सुरू झाला, आणि हर्रास अर्ध्यावर असतानाच आवाज बसू लागला. "गळ्यात काहीतरी अटकल्यासारखं वाटते गा मले," तो म्हणायचा.

सदर भागातल्या डॉक्टरांकडे आम्ही बरोबरच गेलो. त्यांनी मला सांगितलं, "तुमचं आम्ल छातीपर्यंत येतं. यांचं गळ्यापर्यंत चढतं, म्हणून आवाज जातो. तुम्हाला गोळ्या आणि पथ्य पुरेल. यांना मात्र दुर्बिणीने तपासायलाच हवं." मी गोळ्या घेतल्या, आराम पडला. मनोहर म्हणाला, हंगाम संपू दे. संत्र्यांचा आंबिया बहार संपला, मृग बहार आला, तोही गेला...

मग एका संध्याकाळी तो हसतच आला. "माही जळजळ गेली गा. गोळी बी बंद केली." त्या आनंदात तो मला हट्टाने झणझणीत तर्रीपोहे खायला घेऊन गेला. मलाही बरं वाटलं.

उन्हाळ्यात पुतणीच्या लग्नात पोळीचा घास त्याच्या छातीत अडकला. पाणी प्यायला, तेही उलटून आलं. आता दुर्बीण टाळणं शक्य नव्हतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला गाठ निघाली, पसरलेली. त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी विचारलं, "पण ह्यायची जळजळ तं बंद झाली होती नं, डॉक्टर?"

डॉक्टर म्हणाले, "वर्षानुवर्षं भाजून आतलं अस्तरच बदलून गेलं होतं. अशा अस्तराला कधीकधी आम्ल जाणवतच नाही, आणि गाठ मात्र त्यातच धरते."

मनोहर खिडकीबाहेर बघत होता. मला ते पोहे आठवत होते.

पुढे पोटात नळी घालून पातळ अन्न सोडावं लागलं. आवाज पार गेला, नुसती कुजबूज उरली. शेवटच्या भेटीत त्याने मला खूण करून जवळ बोलावलं.

"तुले अजून जळते का गा?"

"कधीकधी," मी म्हणालो.

"जळू दे," तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले.

परवा त्याच्या घरी गेलो होतो. आम्ल वर चढू नये म्हणून त्याने पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या होत्या, त्या अजून तशाच होत्या. वहिनी एकट्या, पलंग सरळ करून द्यावा, असं वाटलं. वाकून वीट धरली, तर त्या म्हणाल्या,

"राहू द्या भाऊजी. इतकी वर्षं ह्यायच्यासंगं उतारावरच झोपली मी... सपाट पलंगावर मले आता झोप येत नाही."