परातीतली तांबडी माती

शहाजादी खिजर नदाफ. जन्म १९५९, हातकणंगले. मृत्यू २०२५, कोल्हापूर. आमच्या पेठेतील अंगणवाडीच्या त्या सेविका होत्या. अंगणवाडीला स्वतःची जागा नव्हती, म्हणून आमच्या तालमीने पुढची खोली दिली. मागे कुस्तीचा आखाडा, मध्ये जाळीची खिडकी. आखाड्याकडे बायकांनी जायचे नाही, असा जुना रिवाज.

लहान मुलांच्या हाती शहाजादीबाई लगेच पेन्सिल देत नसत. बोटांत बळ येण्याआधी पेन्सिल दिली तर मूल अक्षराला भिते, असे त्यांचे मत होते. आधी परातीत माती पसरायची आणि बोटाने गिरवायचे. खोली मिळाली त्याच आठवड्यात त्यांना दाराशी चाळलेल्या तांबड्या मातीचा ढीग दिसला. त्यांनी त्यातून परात भरून घेतली. ती माती हळद, ताक आणि तेल घालून आखाड्यासाठी तयार केलेली होती आणि तिची पूजा व्हायची होती, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी तालमीत कुस्ती शिकवणाऱ्या जोतीराम वस्तादांनी ती परात आणि भोवती सांडलेली माती पाहिली.

"बाई, ही काय रस्त्यावरची माती हाय व्हय? पोरं चपला घालून तुडवाय लागल्यात. सोमवारपासनं खोली मोकळी करा."

"चुकलं, वस्ताद. मला म्हाईत न्हवतं."

त्यांनी वाद घातला नाही. पण ही खोली गेली तर पेठेतली मुले घरीच बसणार, हे त्या जाणून होत्या; हमरस्ता ओलांडून लांबच्या अंगणवाडीत एवढी लहान मुले कोणी धाडली नसती.

त्यांनी मुलांना चपला काढायला लावल्या आणि माती ओंजळीने ढिगावर परत ठेवायला सांगितले. वस्ताद दारातच उभे होते. सगळ्यांत पुढे चार वर्षांची शबनूर होती. माती टाकण्याआधी तिने चिमूटभर कपाळाला लावली. मागच्या मुलाने तेच केले, मग सगळ्यांनीच.

"ह्ये तुमी शिकवलं?" वस्तादांनी बाईंना विचारले.

"न्हाय, वस्ताद."

"तुमीच की," शबनूर वस्तादांना म्हणाली. "रोज माती उकरायच्या आधी लावतासा. खिडकीतनं दिसतंय."

वस्तादांनी परात उचलून स्वतः भरली आणि शबनूरपुढे ठेवली.

"काय काढत हुतीस?"

"श."

"काढ बघू."

तिच्या 'श'ने परात भरली.

"पैलवान काढलास की गं. जरा बारीक काढ, बाकीच्यांस्नी जागा ऱ्हाऊ दे."

सोमवार आला आणि गेला. खोली तशीच राहिली. पुढे दर नागपंचमीला आखाड्यात नवी माती पडली की पहिली परात अंगणवाडीची, असा पायंडा पडला. दुपारी काही आयाही त्याच मातीत आपले नाव गिरवू लागल्या. कोणी आले की त्या लगबगीने हात फिरवून माती सपाट करीत. शहाजादीबाई अशा वेळी दुसरीकडे पाहत.

२०२४ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा वस्ताद नारळ घेऊन आले.

"काय पायजे, बाई? मागा."

"मला काय नको. ह्या मातीत अक्षरं काढलेल्या पोरींस्नी आखाड्यात उतरू द्या. शबनूर कवाधरनं इचारतीया."

"दिला शब्द," वस्ताद म्हणाले.

बाई गेल्यावर तालमीच्या कमिटीने ठराव करून ती खोली कायमची अंगणवाडीला दिली. परातही अजून जाते. वस्तादांचा शब्द मात्र पाळायचा राहिला आहे. तो विषय दोन सभांत निघाला आणि दोन्ही वेळा पुढे ढकलला गेला. शबनूर आता कॉलेजात जाते. संध्याकाळी ती खिडकीच्या अलीकडे उभी राहून सराव पाहते. तालमीचा चिटणीस या नात्याने पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय मी पहिला घातला आहे.