रुक्मिणीकाकीची झुरळं

मिठबावच्या रुक्मिणीकाकीने म्हातारपणी नवरा टाकला आणि ती गोठ्यात म्हशीकडे राहायला गेली, ही बातमी आमच्या वाडीतून निघाली ती दोन दिवसांत तळेऱ्याला पोचली. त्यात खरं एवढंच, की काकी गोठ्यात होती. नवराही तिथेच होता, म्हशीच्या पलीकडे. घर रिकामं केलं होतं ते झुरळांपायी.

गेल्या चतुर्थीला सून दिव्या ठाण्याहून आली. चहासाठी तिने साखरेचा डबा उघडला, तर आतून एक झुरळ मिशा हलवत थेट तिच्या बांगडीवर चढलं. अशी किंकाळी, की आरती म्हणणाऱ्यांचे सूर चुकले! उरलेले दिवस सून लॉजवर राहिली आणि रिक्षाने येऊन आरती करून गेली. घरात सासू जिवंत असताना सून लॉजवर! काकीच्या ते काळजाला लागलं. यंदा सून आपल्याच माजघरात निजली पाहिजे, एवढाच तिने ध्यास घेतला.

आधी बोरिक पावडरच्या गोळ्या झाल्या. पण काकीचा हात पडला सुगरणीचा. कणीक, साखर, तूप घालून पावडर चिमूटभरच टाकली, आणि वर वेलची. झुरळं खाऊन गुटगुटीत झाली.

मग काकीचे यजमान शंकरकाका पुढे सरसावले. वाडीतर्फे देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. उंबऱ्यावर नारळ ठेवला, चार माणसं जमवली आणि खड्या आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या घरात जी झुरळां माजली हत, तेंका शिवेच्या भायर घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथेच थांबायचं. पण चाळीस वर्षं गाऱ्हाणी घातलेली जीभ ती! "आणि ह्या घरात जे कोण रवतत, तेंचो वेलविस्तार वाढय, तेंका खाण्यापिण्याक कमी पडाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले, काकीसुद्धा. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मेल्या, कोणाचो वेलविस्तार मागलंस?"

"अगो, जिभेक सवय!"

"जीभ आसा काय ढोल?"

"आणि वेलची कोणी घातलेली?"

काकीने पदर खोचला आणि भांडी, डबे, पेट्या, सगळं गोठ्यात नेऊन टाकलं. शेवटी माळ्यावर एक मिक्सरचं खोकं सापडलं. मिक्सर सुनेनेच दिलेला. चांगलं खोकं टाकायचं कसं, म्हणून काकीने जपून ठेवलेलं. उघडलं तर आत झुरळांची अख्खी वाडी! ठाण्याची झुरळं मिठबावात कशी स्थायिक झाली, हे काकीने सुनेला कळू दिलं नाही. बाकी सगळ्या गावाला सांगितलं.

खोकं जाळलं. उकळत्या पाण्याने घर धुतलं, फटी बुजवल्या, आणि भिंती सुकेपर्यंत आठ दिवस दोघांनी गोठ्यात काढले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दिव्या आली. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, मोबाईलच्या बॅटरीचा उजेड आतल्या कोपऱ्यांत फिरवू लागली.

"आई, नक्की गेली ना सगळी? लॉजचं बुकिंग मी अजून रद्द नाही केलं."

काकीने तिच्या हातातली बॅग काढून माजघरात नेऊन ठेवली आणि म्हणाली, "करू नको रद्द. एक जरी झुरळ दिसला, तर तू हंय रव. लॉजवर मी जातंय!"