धोंड्याचं ताट

वजन उतरवायचं ठरवलं तेव्हा मी स्वतःला आठवड्यातून एकच दिवस सूट दिली होती, रविवारची. त्या दिवशी मनाला येईल ते खायचं. बाकी सहा दिवस भाकरी, पालेभाजी आणि ताक. या नियमाची मला भलतीच मिजास चढली होती.

त्यातच अधिक महिना आला. दर तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे, म्हणजे पुरण भरून उकडलेले गोळे, जेवू घालतात. धारूरच्या सासूबाईंनी बोलावलं ते नेमकं बुधवारी. त्या वाढायला वाकल्या आणि मी ताटावर हात आडवा धरला.

"मामी, आज नको. रविवार असता तर खाल्ले असते."

"एक तरी खावा, जावईबापू. पहाटंपासून पुरण वाटलंय."

मी गाढवानं हात काढला नाही. माजलगावला परतताना बायको तोंड फिरवून बसली. मी मात्र स्वतःवर खूष होतो.

वर्षभरात वजन परत आलं, नियमही सुटला. पुढच्या अधिक महिन्यात सासूबाईंनी दोन्ही जावयांना बोलावलं. साडूच्या ताटात पाच धोंडे आणि वर तुपाची धार. माझ्या ताटात भाकरी, मेथीची भाजी आणि ताक.

"तुमचं येगळं केलंय," त्या मायेनं म्हणाल्या. "तुमाला चालत न्हाई, माझ्या ध्यानात हाय."

आज रविवार आहे, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.