चौरंगावरची तीन टिंबं

तिसऱ्यांदा तेच. डावा कोपरा, एका ओळीत तीन टिंबं. बोरिवलीला काकूंच्या बाल्कनीत मी उकिडवा बसलो होतो आणि डोकं पार बंद पडलं होतं.

मी फर्निचर पॉलिशवाला. तीस वर्षं हेच करतोय. हे काम होतं गणपतीच्या चौरंगाचं. काकूंच्या यजमानांनी तो हाताने रंगवला होता. मध्ये वेलबुट्टी, चार कोपऱ्यांत चार पोपट. यजमान गेल्या वर्षी वारले.

"रंग उडायला लागलाय," काकू म्हणाल्या होत्या. "वरून काहीतरी पारदर्शक मारून द्या. पण चित्राला धक्का नको हं, सावंत. परत काढणारा माणूस नाही आता."

गणपती आठ दिवसांवर आले होते.

अशा कामाला आम्ही क्लिअर पीयू, म्हणजे पारदर्शक पॉलिश, मारतो. एक कोट सुकला की बारीक पॉलिश पेपरने हलकं घासायचं, पुसायचं, मग दुसरा. घासल्यावर पांढरी पूड निघते, चित्र दुधात बुडाल्यासारखं दिसतं. गिऱ्हाईक घाबरतं. पण पुढचा कोट पडला की परत लख्ख.

पहिला कोट झकास बसला. दुसऱ्याला खड्डे पडले. खाली तेलाचा थेंब जरी असला तरी पीयू तिथून पळतो आणि बारीक गोल खड्डा राहतो. त्याला फिश आय म्हणतात. म्हणजे कुठूनतरी तेल येत होतं. पण कुठून? आणि त्याच कोपऱ्यात का? बाकी तीन पोपटांनी काय पुण्य केलं होतं?

मी दुकानदाराला फोन लावला. "अरे, थिनर कसला दिलास? भेसळ आहे का रे?"

"वीस जण नेतात तोच डबा. कोणाची बोंब नाही. तूच बघ ना काय करतोस ते."

"मी काय करतो म्हणजे? तुझ्या दुकानाला पाटी नव्हती तेव्हापासून पॉलिश करतोय मी!"

रागात फोन आपटला. घासलं, पुसलं, परत कोट. दुसऱ्या दिवशी परत टिंबं.

मग माझा डोळा स्वयंपाकघरावर गेला. "काकू, फोडणीचा धूर येतो इकडे. दोन दिवस जरा..." त्या बिचाऱ्या दोन दिवस मऊ भात आणि मेतकूट खाऊन राहिल्या. समईसुद्धा आतल्या खोलीत नेली. आणि तरीही, तिसऱ्यांदा तेच.

परत घासायला घेतलं. दोन हात मारले आणि पेपर उलटा करून बघितला. पूड हिरवी होती.

हिरवी म्हणजे वाट लागली. पीयू संपून चित्राचा रंग निघत होता. पोपटाची शेपटी फिकी पडलेली. मी पेपर खाली ठेवला. काकूंना सांगायचं काय?

त्या मागेच उभ्या होत्या. शेपटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सावंत, एक विचारू? रागावू नका. डबा उघडायच्या आधी तुम्ही रोज काय करता?"

"काही नाही. नमस्कार करतो."

"करून दाखवा."

मी नेहमीसारखी तीन बोटं चौरंगाच्या डाव्या कोपऱ्याला लावली, कपाळाला लावली, परत कोपऱ्याला लावली. आमच्या उस्तादांची शिकवण. पुसून झालं की वस्तूला नमस्कार, मगच ब्रश.

"आणि डोक्याला तेल कसलं लावता? बाल्कनीभर वास येतो हो."

मी बोटांकडे बघितलं. मग कोपऱ्याकडे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीचा साखरपुडा जवळ आलेला. तोवर चार केस दिसावेत म्हणून पहिल्या कोटाच्या दुसऱ्या दिवसापासून बायको रोज सकाळी डोक्यावर तेल थापत होती. ते कपाळावर ओघळायचं.

साबणाने दोनदा हात धुतले, डोक्याला फडकं बांधलं, कोपरा नीट पुसला आणि लांबून हात जोडून कोट मारला. सकाळी चौरंग आरशासारखा. शेपटी मात्र फिकीच राहिली. मी माफी मागितली.

"असू दे," काकू म्हणाल्या. "यांनी ती तशीही जास्तच लांब काढली होती. मी तेव्हाच म्हटलं होतं." आणि पदराने डोळे पुसले.

दुकानदारालाही फोन करून सॉरी म्हटलं. तो अजून चिडवतो. तेव्हापासून काम बिघडलं की आधी स्वतःचे हात बघतो, फोन नंतर.

गणपतीला दर्शनाला गेलो. वाकलो, तीन बोटं आपोआप चौरंगाकडे गेली.

"सावंत!" काकू आतून ओरडल्या. "हात!"