बाबांचं चाक

मोठा भाऊ मला माहेरी न्यायला यायचा तो सायकलवर. आमच्या रिठदहून सासरच्या शेलूबाजारपर्यंत जाऊन-येऊन दिवसभराची दमछाक, पण दादाला बैलगाडी म्हणजे म्हाताऱ्यांचं वाहन वाटे. माझ्या सासरचा रिवाज असा, की माहेरचं माणूस मुराळी म्हणून दारात आल्याशिवाय सुनेने उंबरा ओलांडायचा नाही. सासू काही वाईट नव्हती, पण रिवाजाच्या बाबतीत ती दगड होती. त्यामुळे माझं माहेर दादाच्या सायकलवर अवलंबून होतं.

सायकल मुळात बाबांची. कारंज्याच्या कापसाच्या जिनातल्या कुणा साहेबाने मोडीत काढलेली त्यांनी घेतली होती. तिला फ्रीव्हील नव्हतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, उतारावरसुद्धा पाय थांबवायची सोय नाही. मागे बसून मी दादाचे गरगर फिरणारे पाय बघे आणि डोळे मिटून घेई. एकदा भीतीने त्याच्या सदऱ्याला असा हिसका दिला, की आम्ही दोघंही तुरीच्या शेतात. धूळ झटकत तो म्हणाला, "थांब बाई, तुह्यासाठी फ्रीव्हीलच आणतो."

ती दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती, सायकलचे भाग कुठे मिळत नव्हते. बरेच दिवस शोधून त्याने अकोल्याहून एक वापरलेला पण चांगला संच आणला. मागचं फ्रीव्हील, चेन आणि पायडलपाशी बसणारं पुढचं दातेरी चाक, तिन्ही एकमेकांच्या मापाची. लावायचं तर तिन्ही लावा, असं दुकानदाराने बजावलं होतं. दादाने फ्रीव्हील लावलं, चेन लावली, आणि दातेरी चाक गोणपाटात गुंडाळून भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं.

कारण सायकलचं जुनं दातेरी चाक बाबांचं होतं. दसऱ्याला आमच्याकडे नांगर, विळे, कुऱ्हाडी धुऊन पुजतात. बाबा गेल्यापासून त्या रांगेत सायकलही उभी राहायची आणि माय त्या चाकाला हळदकुंकू वाहायची. बाबांच्या पायांनी फिरलेलं, म्हणून. दात्यांच्या मुळाशी कुंकवाचा थर बसला होता. पुजलेलं लोखंड मोडीत टाकायचं कसं?

पण जुन्या चाकाचे दाते जाड आणि दूर दूर, नव्या चेनच्या कड्या बारीक आणि जवळ जवळ. चेन बसायला तयारच नव्हती. तेव्हा दादाने गावच्या लोहाराकडून एकेक दाता कानशीने घासून बारीक करून घेतला. चेन बसली, सपाटीवर चाललीही. चढावर जोर दिला की मात्र कटकन आवाज व्हायचा आणि ती दात्यांवरून उडी मारायची, नाहीतर उतरूनच पडायची.

"सारखी काहून उतरून राह्यली हे?" मी विचारलं.

"नवी-जुनी हाय. होईल एकमेकाची सवय," दादा म्हणाला. जणू काही नवी सून घरात आली होती. सवय झाली ती मला, चढ दिसला की आपण होऊन खाली उतरायची. मनातून मायचा राग यायचा. गेलेल्या माणसाच्या लोखंडासाठी जित्या पोराला काय हे छळणं, असं वाटायचं.

त्या वर्षी मार्गशीर्षात माय अंथरुणाला खिळली. सारखं माझं नाव घ्यायची. घरची गाडी कापूस घेऊन कारंज्याला गेली होती. शेजाऱ्याची मिळाली असती, पण सायकल लवकर पोचेल म्हणून दादा पहाटे सायकलवर निघाला.

तो आमच्या दारात उभा राहिला दुसऱ्या दिवशी दुपारी, सायकल हाताने ढकलत. वाशीमच्या पुढच्या चढावर घासलेले दाते लागोपाठ तुटले होते. त्यानंतर चेन टिकेचना; दिवसभर ती पुन्हा पुन्हा चढवत, रात्र वाटेत काढत तो आला होता. हात काळे झालेले, अंगठा फाटलेला. पाणीसुद्धा न घेता म्हणाला, "चाल बाई. मायनं बलावलं."

सासूने मुराळ्याला जेवू घालायच्या रिवाजाचा विषयही काढला नाही. लगेच गाडी जुंपायला लावली आणि भाकरी फडक्यात बांधून दिल्या. सायकल गाडीच्या मागे बांधली. वाशीमजवळ पोचलो तोवर दुसरा दिवस उजाडला होता. समोरून आमच्या गावचा एक माणूस येताना दिसला. त्याने आम्हाला ओळखलं आणि रस्त्याच्या कडेला थांबला.

"आता घाई नोका करू," एवढंच तो म्हणाला.

माय आदल्या दिवशी सकाळी गेली होती. सायकल धड असती, तर त्याआधीच्या रात्री मी तिच्या उशाशी असते. हे दादाला कळत होतं आणि मलाही कळत होतं.

तेरावं झाल्यावर दादाने देवळीतलं चाक काढलं. बाबांचं चाक उतरवून मायच्या पेटीवर ठेवलं आणि नवं बसवलं. मला सासरी पोचवायला आम्ही निघालो. चेन गुपचूप चालत होती. दाते तुटले तो चढ आला तेव्हा मी सवयीने उतरायला लागले, तर दादा म्हणाला, "बस, काही होत नाही." खरंच काही झालं नाही. पलीकडच्या उतारावर फ्रीव्हील टिकटिक करू लागलं आणि त्याचे पाय पायडलवर स्वस्थ राहिले.

मला राहवलं नाही. "मायनं हट्ट धरला नसता, तं हे चाक कवाच लागलं असतं."

"मायनं नाही धरला," दादा म्हणाला. "थे तं पहिल्याच दिवशी म्हने, लोखंड होय थे, काढून टाक अन् पोरीले नीट आणत जाय. माह्याच्यानंच निघालं नाही."

उतार संपला. त्याने पायडल मारलंच नाही. सायकल हळू होत होत थांबली आणि दादाने एक पाय खाली टेकला. मी मागे बसल्या बसल्या त्याच्या पाठीला डोकं लावलं, आणि माय गेल्यापासून पहिल्यांदा तेव्हा रडले.