न वाचलेल्या पुस्तकावरची चिठ्ठी

माझ्या नणंदेला आमच्या भागातल्या मुली चिठ्ठीताई म्हणतात. किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत वाचनालय आहे, तिथल्या टेबलामागे त्या सव्वीस वर्षं बसतात. लग्न केलं नाही. आमच्याच घरात, पुढच्या खोलीत राहतात. वय छप्पन्न, आणि वाचतात काय, तर सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींच्या प्रेमाच्या कादंबऱ्या.

मला या पुस्तकांचा पहिल्यापासून तिटकारा. सकाळी देवापुढे बसावं, जप पुरा करून उठावं, आणि जेवणाच्या टेबलावर केस उडवत मोटारसायकलवर बसलेला कुणी पोरगा कव्हरवरून आपल्याकडेच बघत असावा. मी त्याच्यावर वर्तमानपत्र टाकत असे. वन्सं ते उचलून म्हणायच्या, "वहिनी, गुदमरेल तो."

पण त्यांची कामाची रीत चोख. नवं पुस्तक आलं की आधी स्वतः शेवटच्या पानापर्यंत वाचायचं. मग पोस्टकार्डाएवढ्या कागदावर दोन-चार ओळी लिहून तो कागद पहिल्या पानाला चिकटवायचा. सुरुवातीचा शब्द ठरलेला, 'वाचलं'. 'वाचलं. मुलगी शहाणी, मुलगा ठोंब्या, पण सुधारतो.' 'वाचलं. शेवट घाईत गुंडाळलाय, तरी बहिणींचं भांडण अस्सल.' 'वाचलं. परीक्षेच्या आठवड्यात नेऊ नये.' मुली कव्हर बघत नसत, चिठ्ठी बघत.

एकदा मी विचारलं होतं, "या वयात हे कशाला हो?"

त्या म्हणाल्या, "वहिनी, सोळाव्या वर्षी कुणी आवडलं की तापासारखं चढतं. घरात सांगायची सोय नसते. तेव्हा कुणीतरी खरं खरं लिहिलेलं हाताशी असलं तर पोरगी एकटी पडत नाही. मला मिळालं नव्हतं असलं काही."

मला ते पटलं नव्हतं.

गेल्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्याला आधीपासूनच कमी दिसतं, त्यामुळे महिनाभर वाचन पूर्ण बंद. नेमका त्याच आठवड्यात वाचनालयात नव्या पुस्तकांचा खोका आला. त्यात एक काळ्या कव्हरचं, वर फक्त एक मनगट आणि ते धरलेला हात. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, चिठ्ठी नसली की पुस्तक कपाटात बसून राहतं. मागच्या कव्हरवरचा मजकूर मी वाचून दाखवतो, तेवढ्यावर लिहा की." वन्संनी अंदाजाने लिहिलं, ओळी तिरक्या गेल्या: 'वाचलं. वादळासारखं प्रेम. सोडवत नाही.' न वाचता, सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच.

पुस्तक टेलरमास्तरांच्या मुलीने नेलं. दहावीत आहे, हुशार, बोलकी. मंगळवारी परत करायला आली ती हरखूनच. "ताई, अगदी सेम माझ्या बाबतीत घडतंय. क्लासला एक जण आहे. असाच, रागीट. दुसरा भाग शनिवारी मलाच ठेवा हं."

वन्सं पुस्तक घेऊन घरी आल्या त्या चपला न काढताच खुर्चीवर बसल्या. "वहिनी, हे मला वाचून दाखवा. शनिवारच्या आत."

"मी? असलं?"

"घरात डोळे तुमचेच बरे आहेत."

तीन दुपारी मी ते वाचलं. अंगावर पाल पडावी आणि झटकताही येऊ नये, तसं. नायक एकोणीस वर्षांचा, श्रीमंत, डोळे म्हणे लांडग्याचे. नायिकेशी कुणी दोन शब्द बोललं की हा त्याचं नाक फोडतो. तिला गाडीत कोंडून ठेवतो. ती रडते, मग हा तिचे डोळे पुसतो, आणि तिला वाटतं, याच्याइतकं कुणी आपल्याला जपलंच नाही.

प्रेमाची वर्णनं आली की मी दोन-तीन ओळी खाली उतरत होते.

"ओळी गाळल्यात," वन्सं डोळे मिटूनच म्हणाल्या.

"गाळल्या. देवाने जीभ दिली ती यासाठी नाही."

"मी तुमच्या देवाला वेगळं समजावीन. सगळं वाचा. मला काय दिलंय मी त्या पोरीला, ते कळू दे."

मग मी सगळं वाचलं. एकदा आमचे हे चहाचा कप घेऊन आत आले. मी तेव्हा नायकाच्या तोंडचं मोठ्याने वाचत होते, "तू श्वास घेतेस तोही मला विचारून." हे कप घेऊन तसेच मागच्या पावली बाहेर गेले. दिवसभर माझ्याशी फार आदराने वागले.

हसलो आम्ही, पण तेवढ्यापुरतं. खरं सांगायचं तर चुंबनं मी सोसली. मला किळस आली ती तिच्या माफीची. तो मारामारी करणार, आणि 'मी चुकले' हिने म्हणायचं. दर वीस-पंचवीस पानांनी माफी. आणि हे कुणी लिहिलं, कुणी छापलं, कुणी गुळगुळीत कव्हर घातलं, एवढ्या हातांतून गेलं आणि एकालाही ओकारी आली नाही. सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणाले, "मुली रांग लावतात वहिनी, मग झालं." मी घरी येऊन हात धुतले.

शेवटचं पान झालं तेव्हा वन्संनी पुस्तक मागून घेतलं आणि पहिल्या पानावरची चिठ्ठी चाचपली. मग म्हणाल्या, "मला घाण वाटतेय ती पुस्तकाची कमी. त्यावर माझं अक्षर आहे."

शनिवारी मी त्यांच्याबरोबर वाचनालयात गेले. डोळ्यात थेंब घालायचे होते, हे निमित्त. चारच्या सुमाराला मुलगी आली.

"आला दुसरा भाग?"

"आलाय. तुझ्या नावावर ठेवलाय," वन्सं म्हणाल्या. "पण आधी ऐक. पहिल्या भागावर मी 'वाचलं' असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. मी वाचलं नव्हतं. आता वहिनींकडून ऐकलं. मला ते घाणेरडं वाटलं."

मुलीचा चेहरा पडला. "आईपण हेच म्हणते. सगळ्याच पुस्तकांना. तुम्ही तरी वेगळ्या आहात असं वाटलं होतं. द्यायचा नसेल तर सरळ सांगा ना."

मला वाटलं, गेली ही. आता परत या जिन्यावर पाय ठेवणार नाही आणि कुणाचं ऐकणारही नाही.

वन्संनी दुसरा भाग काढून तिच्यासमोर ठेवला. "घेऊन जा. नंबर तुझा आहे. फक्त पहिल्या भागातलं एक पान मला वाचून दाखव. माझा डोळा अजून चालत नाही, आणि वहिनी काही भावना आणून वाचत नाहीत."

मुलगी नाइलाजाने हसली. पान मी काढून दिलं. त्यात तो तिचा मोबाईल हिसकावतो, सगळे मेसेज वाचतो आणि म्हणतो, तू माझी आहेस याची खात्री पटेपर्यंत हा माझ्याकडेच राहील.

तिने झोकात सुरुवात केली. नायकाचा आवाज तर मस्तच काढला. मग नायिकेचं वाक्य आलं, 'मी चुकले, मला माफ कर.' ते तिने वाचलं आणि पुढे गेलीच नाही. बोट ओळीवर ठेवून उभी राहिली.

"त्याने तीन दिवस ठेवला होता," ती म्हणाली.

"कुणी?" मी बावळटासारखं विचारलं.

"क्लासमधल्याने. माझा मोबाईल. मी सॉरी म्हटलं तेव्हा दिला." मग वन्संकडे बघून, "मला वाटलं, हे असंच असतं."

"वाटणारच. मीच लिहून दिलं होतं तसं," वन्सं म्हणाल्या. "अजून काय म्हणतो तो?"

तिने कपाटाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. "फोटो मागतोय. कसले ते... तसले. सोमवारपर्यंत दे म्हणालाय, नाहीतर माझे मेसेज सगळ्या क्लासला दाखवीन म्हणतो. मी दिले नाहीत अजून."

तीन दुपारी जे कागदावर होतं ते त्या टेबलापाशी, शाळेच्या गणवेशात उभं होतं. मनात देवाचं नाव घेतलं, दुसरं काही सुचेना.

वन्सं उठल्या आणि खिडक्या लावायला लागल्या. वाचनालय बंद व्हायला अजून दोन तास होते.

"बाबांना नको ना ताई," मुलगी म्हणाली. "ते चिडतील."

"चिडू देत. आधी माझ्यावर चिडतील, कारण आधी मी बोलणार आहे. शाळेत आणि क्लासमध्येही सोमवारी सकाळीच, त्याच्या आधी, आपण जाऊ. चल."

दुसरा भाग टेबलावरच राहिला. तिने मागितला नाही, आणि आम्हीही विषय काढला नाही.

टेलरमास्तर गळ्यात टेप अडकवून मशीन चालवत होते. तिघींना एकदम दारात बघून ते गोंधळले. "काय ताई, ब्लाउज?"

"नाही मास्तर. एक चूक झालीय माझ्याकडून, ती सांगते. मग ही काही सांगेल. तिचं पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नका, एवढं माझ्यासाठी करा."

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. मशीनवरचा पाय काढला, स्टुलावरची कापडं उचलून खाली ठेवली आणि तिला बसायला जागा केली.